श्रद्धा, न्याय व शांति

न्यायावांचून शांति टिकत नाहीं, ही ख्रिस्तसभेची शिकवण जुनी आहे. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं मजुरांच्या रास्त वेतनाचा कैवार घेतला. १९६३ सालीं पोप तेविसावे जॉन यांनीं सर्व सद्भावी जनांस शांतीचें आवाहन केलें.

या शिकवणीस मराठी भूमींत देह मिळाला तो वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या रूपानें. विहिरींचें पाणी टँकरांनीं उपसलें जाऊं लागलें, शेतजमिनी बांधकामाखालीं जाऊं लागल्या, तेव्हां १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभारली. पाणी सर्वांचें, म्हणून लढाही सर्व धर्मीयांचा झाला.

पुढें जानेवारी २०२० मध्यें आपल्याच मराठवाड्यांत, धाराशिव येथें, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. निवडीस धर्मावरून आक्षेप घेतले गेले. तथापि संमेलन पार पडलें, आणि हा मान लाभलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरु ठरले.

परभणी ज्यांत येते, तो आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. गोदावरी व पूर्णा वाहत असतांही या जिल्ह्यांतील कित्येक गांवें उन्हाळ्यांत तहानेनें व्याकुळ होतात. तेथें शेजारी कोणत्या धर्माचा, हा विचार गौण होय. मिस्सांत आपण परस्परांस शांति देतों; ती त्याच्या कोरड्या आडापर्यंतही पोहोंचावी.