लेडीज सायकलची दांडी खाली का?

गटाच्या बैठकीला सायकलवरून येणाऱ्या बायका अजून मोजक्याच. का, असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "साडी अडकते." दुसरं जरा हळू आवाजात येतं, "ड्रेस घातला तर घरचे काय म्हणतील?" ही दोन्ही उत्तरं सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या बायकांनीही दिली होती. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

आपण चालवतो त्या घडणीची सायकल 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी काढली. तीन वर्षांनी डनलप यांचा हवेचा टायर आला. आधीच्या सायकलचं पुढचं चाक छातीइतकं उंच असायचं, त्यामुळे झगा घालून त्यावर चढणं बाईला अशक्यच. नवी सायकल आली आणि बायका भराभर शिकल्या. कपडे मात्र जुनेच राहिले. पायघोळ झगा, आत परकरावर परकर आणि कंबर आवळणारा कॉर्सेट. धड श्वास घेता येईना, तर चढावर पायडल कसं मारणार?

लेडी हार्बर्टन नावाच्या बाईंनी 1881 मध्ये सोयीच्या कपड्यांसाठी एक संस्था काढली होती. या संस्थेचं म्हणणं काय, तर बाईच्या आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण तीन किलोंपेक्षा जास्त नसावं. ही सुधारलेली मर्यादा बरं का! आधी बायका अंगावर किती ओझं वागवत असतील, तुम्हीच बघा.

झग्याऐवजी बायका ढगळ, घोट्याशी किंवा गुडघ्याखाली चुण्या घातलेली विजार घालू लागल्या. अमेरिकेच्या अमेलिया ब्लूमर यांनी 1851 मध्ये आपल्या वर्तमानपत्रातून तिचा पुरस्कार केला, म्हणून तिला ब्लूमर म्हणतात. दिसायला आपल्या सलवारीच्या जवळची. तेव्हा तिची इतकी टिंगल झाली की घालणाऱ्यांनीही काही वर्षांत ती सोडली. सायकलीनं ती परत आणली, आणि टिंगलही परत आली. 1897 साली केंब्रिज विद्यापीठात बायकांना पदव्या द्यायला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या, ब्लूमर घातलेल्या बाईचा पुतळा भर रस्त्यावर टांगला. पदवीचा आणि विजारीचा काय संबंध? पण लोकांनी तो बरोबर ओळखला होता.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1898 मध्ये, हार्बर्टनबाई सायकलवरून ऑकम गावच्या हॉटबॉय हॉटेलात जेवायला थांबल्या. अंगात विजार होती. मालकीणबाईंनी त्यांना चांगल्या खोलीत बसू दिलं नाही. दारूच्या गुत्त्याला लागून असलेली पुरुषांची खोली दाखवली. सायकलवाल्यांच्या संघटनेनं खटला भरला. 1899 मध्ये निकाल लागला तो हॉटेलच्या बाजूनं. जेवायला जागा देऊ केली होती ना, मग झालं!

कारखानदारांनी दुसरी वाट काढली. झगा तसाच राहू दे म्हणाले, आणि सायकलची दांडी खाली वाकवली. मागच्या चाकाला जाळी लावली, चेन झाकली. आपली लेडीज सायकल ती हीच. सोयीची आहे, नाही कसं म्हणू? पण बाईचे कपडे बदलू नयेत म्हणून लोखंड वाकवलं, हेही खरं.

आपल्याकडे तर कासोटा होता. नऊवारी नेसून आपल्या आज्या भातलावणी करायच्या, झाडावर चढायच्या. टांग टाकायला त्यांना काही अडत नव्हतं. मग पाचवारी आली, ती सुधारलेली ठरली. सायकलपुरतं बोलायचं तर आपण मागेच आलो.

तरी पाचवारीतही जमतं. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर सायकल शिकवली गेली, आणि खेड्यातल्या हजारो बायका साडीतच शिकल्या. कित्येकींनी तर मुद्दाम जेन्ट्स सायकल घेतली, कारण पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं.

म्हणून साडीच नेसायची असेल तर सुती नेसा, घोट्याच्या वर घ्या, पदर कमरेला खोचून पिन लावा. चाकाला जाळी आणि चेनकव्हर हवंच. सलवारीची मोहरी अरुंद शिवा, ओढणी तिरकी घेऊन कमरेशी गाठ मारा. मोकळी ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसतो.

शाळेच्या मुली सलवार-कमीज घालून सायकलवर जातात, त्यांना कोणी बोलत नाही. तीच मुलगी लग्न होऊन आली की सायकल माहेरी राहते. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. सासूबाईंनाही बोलवा, आणि नऊवारी नेसून त्यांनी काय काय केलं ते त्यांच्याच तोंडून ऐका.