सिलिकॉन, अतिशुद्ध : सीमेन्स प्रक्रिया

अर्धसंवाहक साधने व सौर घट यांसाठी लागणारे बहुस्फटिकी सिलिकॉन बनविण्याची प्रमुख औद्योगिक पद्धत. ती 1950 च्या दशकात जर्मनीतील सीमेन्स कंपनीत विकसित झाली. क्वॉर्ट्‌झचे विद्युत् भट्टीत कार्बनने क्षपण करून मिळणारे सिलिकॉन सुमारे 98–99% शुद्ध असते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना ते चालते, ट्रँझिस्टरला नाही.

घनातील अशुद्धी काढणे अवघड, द्रवाचे ऊर्ध्वपातन सोपे. म्हणून सिलिकॉनच्या भुकटीवर सुमारे 300° से. तापमानाला हायड्रोजन क्लोराइड सोडून ट्रायक्लोरोसिलेन बनवितात. ते सुमारे 32° से.ला उकळते, बोरॉन ट्रायक्लोराइड सुमारे 12.5° से.ला, तर फॉस्फरस ट्रायक्लोराइड 76° से.ला, त्यामुळे सिलिकॉनमधील अशुद्धींपासून बनलेले हे नडणारे सोबती भागशः ऊर्ध्वपातनाने वेगळे होतात. मग शुद्ध बाष्प हायड्रोजनसह घंटाकृती पात्रात सोडतात. तेथे विजेने सुमारे 1100° से.पर्यंत तापविलेल्या सिलिकॉनच्याच बारीक कांड्यांवर सिलिकॉन साचत जाते. पात्राच्या भिंती मात्र थंड ठेवतात, म्हणजे त्यांचा धातू मालात उतरत नाही. खरी हुशारी येथेच आहे. शुद्धता 99.9999999% किंवा त्याहून अधिक मिळते.

विजेचा खर्च भरमसाट असतो. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हे उपउत्पादन पाण्याशी संपर्क येताच हायड्रोजन क्लोराइड सोडते; त्यामुळे आधुनिक कारखाने त्याचे पुन्हा ट्रायक्लोरोसिलेन करून घेतात.