नोकरीचा वकील काय करतो? सही करण्याआधी वाचा

धामापूरसारख्या गावात वकील म्हटला की सातबारा, वाटणी आणि कोर्टाची तारीख एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण आपली मुलं आता मुंबई, गोवा आणि आखातात मॅनेजर, सुपरवायझर, अकाउंटंट आहेत. काहींनी मालवण किनाऱ्यावर स्वतःचं हॉटेल किंवा दुकान टाकलंय. या दोघांनाही उपयोगी पडणारा वकील वेगळा असतो. तो नोकरीच्या कायद्याचा जाणकार. त्याचं मोठं काम भांडणाच्या आधी, कागद तयार होताना असतं.

मालकासाठी

नेमणूकपत्र, कामाचे तास, रजा, नोटीस पिरियड हे सगळं तो लिहून देतो. माणसं 10 झाली की जबाबदारी वाढते. ग्रॅच्युइटी, 26 आठवड्यांची प्रसूती रजा (पहिल्या दोन अपत्यांसाठी) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागू होते. 2013 च्या कायद्यानुसार समिती नेमली नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड होतो. कामगाराला काढायचं असेल तर आरोपपत्र आणि चौकशी कशी करायची, हेही वकीलच सांगतो. रागाच्या भरात ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणं महागात पडतं.

अधिकाऱ्यासाठी

इथे बरेच जण फसतात. औद्योगिक संबंध संहितेत मॅनेजर ‘कामगार’ धरला जात नाही. महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगाराचा सुपरवायझरही नाही. म्हणजे नोकरी गेली तर कामगार न्यायालयाचा आधार सहसा मिळत नाही. हातात राहतो तो करार. म्हणून मोठ्या पगाराच्या माणसाने सहीआधी वकिलाला कागद दाखवणं जास्त गरजेचं. थकलेल्या पगाराचं मात्र वेगळं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत मॅनेजरही येतो, आणि नोकरी सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत पगार चुकता करायचा आहे.

तीन कलमं नीट बघा

1. दुसरीकडे काम करण्यावर बंदी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. पण कराराची मुदत चालू असताना टिकू शकते. कल्याणच्या कारखान्यातला एक सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने (गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग) त्याच्यावरची मनाई कायम ठेवली.

2. ग्रॅच्युइटी. साधारण पाच वर्षं सलग नोकरी हवी. ठरावीक मुदतीच्या करारावर आता एक वर्ष पुरतं. हिशेब असा: शेवटचा मासिक पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. हिशेबात धरायचा पगार 52,000 आणि नोकरी 10 वर्षं असेल तर 3 लाख रुपये होतात.

3. नोटीस आणि बोनस. किती दिवसांची नोटीस, तिच्याऐवजी किती पैसे आणि बोनस कोणत्या अटीवर, हे आकड्यांत लिहून घ्या.

आखातात जाणाऱ्यांसाठी

तिथला कायदा वेगळा. संयुक्त अरब अमिरातीत 2 फेब्रुवारी 2022 पासूनच्या कायद्यात नोकरीनंतर दोन वर्षांपर्यंत स्पर्धक कंपनीत जाण्यावर बंदी घालता येते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी 21 दिवसांचा मूळ पगार आणि पुढे 30 दिवसांचा, असा सेवासमाप्तीचा हिशेब आहे. मालकाला पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले की शेवटची रक्कम कमी होते, हे लक्षात ठेवा.

वकिलाकडे जाताना

नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेश तारीखवार लावून न्या. राजीनामा आधी देऊन मग सल्ला विचारू नका. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी ओरोसला जिल्हा न्यायालयात चौकशी करा.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, 282) देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. आपल्यात मात्र ‘ओळखीतला माणूस आहे, कागद कशाला’ म्हणायची सवय आहे. मालक असो की नोकर, ही सवय आपण सोडायला हवी. लिहिलेला कागद ओळखही टिकवतो आणि हक्कही.