माझगावच्या टेकडीवरून : जेम्स वेल्सची मुद्राचित्रे आणि इतिहाससाधने

मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हटली की मोडी कागदांचे रुमाल डोळ्यांपुढे येतात; जुनी मुद्राचित्रे ग्रंथाच्या शोभेपुरतीच उरतात. साताऱ्याचे द. ब. पारसनीस यास अपवाद होते. वाईजवळील मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दप्तराबरोबरच त्यांनी चित्रेही जमविली. साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयातील हा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. त्यांची ही दृष्टी समोर ठेवून जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या एका चित्रमालेचा येथे विचार केला आहे.

वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला. १७९१-९२ मध्ये त्याने बेटाची व परिसराची दृश्ये रेखाटली. त्यांवरून तयार झालेली बारा रंगीत एचिंगे १८०० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, प्रसिद्ध झाली. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देतात, सुईने तो खरवडून रेघ उघडी करतात आणि पत्रा तेजाबात ठेवतात. तेजाबाने जेवढे तांबे खाल्ले जाते, तेवढीच शाई रेघेत भरते. रेखाटन आणि छापील चित्र यांच्यामध्ये दुसरा हात येऊ शकतो, ही गोष्ट असे चित्र पुरावा म्हणून वापरताना ध्यानात ठेवावी लागते.

मालेतील एक दृश्य माझगावच्या टेकडीवरील ‘बेलमाँट’ या घरापासून घेतलेले आहे. माझगाव ही मूळची कोळ्यांची वस्ती. गावाच्या नावाचा संबंधही मासळीशी जोडला जातो, जरी ती व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. परंतु टेकडीवरून बंदराचा विस्तार दिसतो, होडीतला माणूस दिसत नाही. ही उंची साहेबांच्या बंगल्याची आहे, किनाऱ्यावरील कोळीवाड्याची नव्हे.

याच वेल्सने पुढे पुणे दरबारात सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची चित्रे समोरासमोर बसून काढली. आपल्या मनातील नानांचा चेहरा बव्हंशी त्याचाच आहे. दरबाराला चेहरा मिळाला, बंदराला अंतर मिळाले. नजर एकाच चित्रकाराची होती. फरक पडला तो त्याला कोणी कोठे बसविले याने.

सातारा-सांगलीकडील वाड्यांत अशी चित्रे आढळल्यास नोंदवहीत ‘मुंबईचे जुने दृश्य’ एवढेच लिहून थांबू नये. चित्रकार कोठे उभा होता, ते घर कोणाचे होते आणि पत्रा कोणी कोरला, हे तीन रकाने तीत असावेत.