मेलेल्या माणसाची वही

मंडळी, आज एका बिअरच्या गाडीवानाची गोष्ट सांगतो. पोचायचे आहे दवाखान्यातल्या केसपेपरपाशी, पण वाट गाडीवानाच्या दारावरूनच जाते.

साल १७०३, देश इंग्लंड. बिअर गाळणाऱ्या एका व्यापाऱ्याने एका उमरावावर बिलाच्या पैशांसाठी दावा लावला. माल पोचवल्याचा पुरावा काय? भट्टीत एक शिस्त होती. गाडीवानांनी रोज रात्री येऊन कुठे किती माल दिला ते कारकुनाला सांगायचे, कारकुनाने वहीत उतरवायचे, गाडीवानांनी त्यावर सही करायची. पण नेमका हा माल पोचवणारा गाडीवान वारला होता! कोर्टाचा दंडक असा, की ज्याने डोळ्यांनी पाहिले त्यानेच शपथेवर सांगावे आणि उलटतपासणीला तोंड द्यावे. ऐकीव पुरावा चालत नाही. वहीला कोण शपथ घालणार? तरीही सही त्या गाडीवानाचीच आहे एवढे पाहून कोर्टाने वही मान्य केली.

पुढे १८०८ साली असाच प्रश्न आला. मालमत्तेच्या वादात एका माणसाची जन्मतारीख हवी होती. बाळंतपण करणारा वैद्य हयात नव्हता, पण त्याच्या वहीत तारीख होती आणि त्या नोंदीपुढे पैसे मिळाल्याची खूण होती. स्वतःच्या येण्यावर काट मारणारी नोंद कोण कशाला खोटी करील? तीही वही ग्राह्य धरली गेली.

हा विचार आपल्याकडे आला तो १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातून. तो लिहिला जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी. या कायद्याची गंमत म्हणजे कलमांखाली चक्क उदाहरणे दिली आहेत, आपल्या अंकगणिताच्या पुस्तकासारखी! कलम ३२च्या एका उदाहरणात ‘अ’ची जन्मतारीख ठरवायची आहे आणि पुरावा आहे मृत शल्यवैद्याची नियमित लिहिलेली रोजनिशी. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे डॉक्टर अजून तिथेच आहेत. आता त्यांचा मुक्काम कलम २६मध्ये.

एवढा विश्वास का? मला वाटते, त्याचे कारण साधे आहे. रोजच्या रिवाजाने लिहिणाऱ्याच्या मनात कोर्ट नसते. रात्री दोन वाजता ताप आणि नाडी लिहिणाऱ्या सिस्टरला कुणाला जिंकवायचे नसते, कुणाला हरवायचे नसते. म्हणून ती नोंद बोलते. डॉक्टर हयात असले तरी दहा वर्षांपूर्वीचा पेशंट त्यांना कुठून आठवणार? तेव्हा स्वतःचे टिपण पाहून स्मृती ताजी करायला कायदा परवानगी देतो.

कोर्टाचे समन्स आले की रेकॉर्ड विभागातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. खरे तर समन्स फक्त कागद हजर करण्यापुरते असेल, तर तेवढ्याने तो साक्षीदार होत नाही. साक्षीदार म्हणून बोलावल्याशिवाय त्याची उलटतपासणी घेता येत नाही. दिवाणी दाव्यात तर स्वतः न जाता कागद दुसऱ्याहाती पाठवले तरी चालते. त्याने उपचार बरोबर होते की चूक हे सांगायचे नसतेच. कागद आहे तसा पोचवायचा, एवढेच त्याचे काम.

‘आहे तसा’ हे मात्र फार महत्त्वाचे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारखेवर खाडाखोड दिसली की पुढे त्या मुलाला किती खेटे घालावे लागतात, हे आम्हा मास्तर लोकांना चांगले ठाऊक! केसपेपरचेही तसेच. चुकले तर एक रेघ मारावी, खालचे वाचता यावे, शेजारी सही-तारीख टाकावी. कागद दडवला तर तो दडवणाऱ्याच्या विरुद्धच गेला असता, असे कोर्ट धरू शकते. संगणकावरच्या नोंदीसोबत तर आता संगणक सांभाळणाऱ्याचे आणि तज्ज्ञाचे प्रमाणपत्रही लागते.

आणि हे कागद केवळ दवाखान्याचे नव्हेत बरे का. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की गुप्ततेचे कारण पुढे करून पेशंटला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांना केसपेपर नाकारता येणार नाहीत. २००२च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. घरातल्या तरुण मंडळींनी हे आकडे लक्षात ठेवावेत. मागायला लाजू नये, आणि ३ वर्षे उलटायची वाटही पाहू नये.

असो. त्या गाडीवानाचे नाव कुणाला आठवत नाही. दिवसभर गाडी हाकून दमलेला माणूस, उद्या सही करतो म्हणाला असता तर कोण रागावणार होते? पण त्याने त्याच रात्री सही केली, आणि तो गेल्यावरही तिने त्याची साक्ष दिली. आपल्या आजारपणाच्या कागदांवरही अशाच कुणाकुणाच्या सह्या असतात. फाइल उघडाल तेव्हा एकदा त्यांच्याकडेही पाहा.