सेरेंगेटीची ‘आदिम’ कुरणे आणि बुळकांड्या

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेने अरबीकडून घेतला. आपल्या ‘सफर’चे मूळही तेच. अलीकडे आपल्यातील बरीच कुटुंबे पूर्व आफ्रिकेची सफर करून येतात आणि टांझानियातील सेरेंगेटीचे वर्णन करताना एक वाक्य हमखास उच्चारतात: सृष्टी निर्माण झाली तेव्हा जशी होती, तशीच ती तिथे आजही आहे. लाखो विल्डबीस्ट आणि झेब्रे मारा नदी ओलांडताना पाहिले की असे वाटणे स्वाभाविकच होय. इतिहास पाहू जाता मात्र हे ‘आदिम’ दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या वयाहून लहान ठरते.

या कथेच्या मुळाशी गुरांचा एक रोग आहे. बुळकांड्या हे नाव आपल्या जुन्या शेतकरी घरांत अनोळखी नसावे. ताप, तोंडात व्रण, जुलाब आणि आठवडा-दहा दिवसांत गोठा रिकामा, अशी त्याची ख्याती. 1887-88 च्या सुमारास इटालियन फौजेसाठी तांबड्या समुद्रावरील मसावा बंदरात गुरे उतरविण्यात आली, त्यांच्याबरोबर तो आफ्रिकेच्या शिंगात शिरला. ही गुरे हिंदुस्थानातून गेली असावीत, असे अनेक इतिहासकार मानतात. तेथील जनावरांच्या अंगी या रोगाशी झुंजण्याची शक्ती नव्हती. 1896 मध्ये त्याने झांबेझी नदी ओलांडली आणि पुढे तो केपपर्यंत पोहोचला. वाटेतील बहुतेक गोधन नाहीसे झाले. गुरांप्रमाणेच रानम्हशी आणि विल्डबीस्टही मेले.

ज्यांचे दूध, रक्त, लग्न, प्रतिष्ठा सारे गुरांवर उभे, त्या मासाई लोकांची अवस्था काय झाली असेल? ऑस्कर बाउमान हा ऑस्ट्रियन प्रवासी 1892 साली एन्गोरोंगोरोच्या विवरात उतरला, तेव्हा त्याच्या तळाच्या काटेरी कुंपणाभोवती हाडांचे सापळे झालेली माणसे अन्नासाठी गोळा होत. त्यातच देवीची साथ आली. मासाईंपैकी दोन तृतीयांश दगावले असावेत, असा त्याचा अंदाज होता.

चरायला गुरे नाहीत, जुने गवत जाळायला माणसे नाहीत, म्हणून झुडुपे माजली. झुडुपांत त्सेत्से माशी वाढली आणि तिने निद्रारोग पसरविला. ओस पडलेल्या वस्त्या पुन्हा वसेनात. नंतर आलेल्या युरोपीय शिकाऱ्यांना व अधिकाऱ्यांना हा निर्मनुष्य मुलूख दिसला आणि तो सदैव असाच होता, अशी त्यांची समजूत झाली. 1951 साली सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले त्यामागे हीच समजूत होती.

बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल या जर्मन पितापुत्रांनी 1958 मध्ये विमानातून मोजणी केली, तेव्हा विल्डबीस्ट भरले अवघे एक लाखाच्या आसपास. (10 जानेवारी 1959 रोजी गिधाडाशी टक्कर होऊन मायकेलचे विमान कोसळले व तो गेला. त्यांच्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळाले.) राष्ट्रीय उद्यानात मूळ रहिवाशांनीही राहू नये, हे ग्झिमेक यांचे मत प्रभावी ठरले. 1958 मध्ये मासाई वडीलधाऱ्यांकडून करारावर संमती घेण्यात आली; 1959 मध्ये त्यांना सेरेंगेटी सोडून शेजारच्या एन्गोरोंगोरो संवर्धनक्षेत्रात जावे लागले. तिथे गुरांसह राहू देण्याचे आश्वासन होते.

विल्डबीस्टांची वासरे पहिल्याच वर्षी दगावत, कारण उद्यानाभोवतीच्या गुरांकडून बुळकांड्या त्यांच्यात येई. 1950 नंतर गुरांना पद्धतशीर लस टोचली जाऊ लागली. वॉल्टर प्लोराइट यांनी केनियातील मुगुगा येथे तयार केलेल्या लसीने पुढे हे काम सोपे केले. 1963 च्या सुमारास वन्य कळपांतून रोग हटला. एकाही रानटी प्राण्याला सुई टोचली नव्हती, हे विशेष! कळप वाढतच गेले. 1970 नंतर कोरड्या ऋतूत पडलेल्या पावसाचीही साथ मिळाली. 1977 च्या मोजणीत त्यांची संख्या तेरा लाखांवर गेली. प्रवासी कंपन्या ज्याला ‘महास्थलांतर’ म्हणतात, त्याचा हा आकार तेव्हापासूनचा. एवढी तोंडे गवत खाऊ लागल्यावर वणवे कमी झाले आणि झाडे वाढली. म्हणजे पर्यटक ज्या बाभळीखाली गाडी थांबवितो, तीही बहुधा याच घडामोडीतील.

2011 साली बुळकांड्याचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर असा हा दुसराच रोग. मासाईंच्या वाट्याला मात्र त्यातून सुटका आली नाही. 1975 मध्ये एन्गोरोंगोरोत शेतीला बंदी झाली, आणि 2022 पासून सरकारने तेथील कुटुंबांना दूर म्सोमेरा येथे हलविण्यास प्रारंभ केला. सरकार हे स्थलांतर स्वेच्छेचे म्हणते. अनेक मासाई ते मानीत नाहीत.

जे तिथे आहेत, त्यांच्यापुढे आणखी एक पेच आहे. विल्डबीस्टच्या नवजात वासरांकडून गुरांना एक जीवघेणा ज्वर लागतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये, न्डुटूच्या बाजूच्या माळांवर सर्वांत पौष्टिक गवत उगवलेले असताना, मासाई गुराखी आपली जनावरे तिथून दूर, कमी चाऱ्याच्या उंच भागाकडे वळवितात. नेमक्या त्याच आठवड्यांत वासरांचा जन्म पाहण्यासाठी त्या माळांवर प्रवाशांच्या गाड्या येतात.