सुकडी : एका वडीचा इतिहास

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख दे, असे मला सांगण्यात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. राजेरजवाडे आणि लढाया यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु फडताळातल्या डब्यांनाही इतिहास असतो, व तो आपण बायकांनी लिहिला नाही तर दुसरे कोण लिहिणार? म्हणून मुलांनी हातात धरून खावयाच्या एका साध्या वडीची हकीकत येथे देत आहे. तिचे नाव सुकडी.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. पण गुजरातचा शेजार त्याहून फार जुना. आपल्या शहरात घरी गुजराती बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांच्याकडे सुखडी होते. तिलाच गोळपापडीही म्हणतात. गव्हाचे पीठ तुपात मंद आचेवर खमंग भाजावयाचे, खाली उतरवून त्यात चिरलेला गूळ मिसळावयाचा आणि ताटात थापून वड्या पाडावयाच्या. पाण्याचा थेंबही नसल्यामुळे ती पुष्कळ दिवस टिकते व शाळेच्या किंवा प्रवासाच्या पिशवीत सहज जाते. गुजरातेत महुडी येथील जैन तीर्थात हीच सुखडी प्रसाद म्हणून मिळते. ती आवाराबाहेर न्यावयाची नाही, तेथेच संपवावयाची, इतका तिचा मान!

आपल्या खानदेशी घरांतही बरोबर नेण्याच्या पदार्थांना तोटा नव्हता. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी फडक्यात बांधून शेतावर जाई. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुवा भागात, चैत्राच्या सुमारास वेचलेली मोहाची फुले वाळवून ठेवतात, आणि ती भाजून, कुटून त्यांचे लाडू वळतात. पुस्तक न वाचता बायकांनी हे शोधून काढले होते की धान्याला डाळीची जोड द्यावी, भाजून ठेवावे आणि पोराच्या मुठीत मावेल असे करावे.

आता सुकडीकडे वळते. हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले ते १९७२ च्या दुष्काळात. नावावरून ती मला ह्या सुखडीचीच धाकटी बहीण वाटते. मात्र तुपाची नव्हे, तेलाची. त्या दुष्काळात खेड्यापाड्यांतून सरकारी कामे निघाली. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खावयास अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी, आणि कामावर भाजलेल्या पिठाची गोड सुकडी वाटली जाई.

माझे माहेर त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. दुष्काळात माझी आई नऊ वर्षांची होती. आजी खडी फोडी आणि आई धाकट्या भावाला कडेवर घेऊन बाभळीच्या सावलीला बसे. ती सांगे, "सुकडी मिळाली की अर्धी खायची आणि अर्धी परकराच्या ओच्यात बांधायची. रात्री बाळ रडायला लागला की तीच चारायची." दुष्काळ सरला, रानात पुन्हा ज्वारी उभी राहिली; तथापि आईने पुढे कधी हौसेने सुकडी केली नाही. "ती आमची दुष्काळातली," एवढेच म्हणे. मिलोच्या भाकरीसारखेच सुकडीलाही वाईट दिवसांचे नाव चिकटले.

गंमत अशी की शास्त्रज्ञ मंडळी फिरून ह्याच वाटेवर आली. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रथम कुन्नूर येथे होती. १९५८ साली ती हैदराबादेस आली. खंगलेल्या मुलांसाठी तिने एक मिश्रण सुचविले, ते 'हैदराबाद मिक्स' म्हणून ओळखले जाते. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेले हरभरे १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम व गूळ २० ग्रॅम. एवढ्यातून सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. गव्हाच्या प्रथिनात जी उणीव असते ती हरभरा भरून काढतो, म्हणून दोन्ही एकत्र. आपल्या कळण्याच्या भाकरीमागे हेच तत्त्व नाही का?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली व त्यातून अंगणवाड्या आल्या. पुढे आपल्याकडे घरी न्यावयाच्या आहारात शिरा व उपमा यांच्या जोडीला सुकडीचेही पाकीट मिळू लागले. दुष्काळातली सुकडी अशी पोषण आहारात आली; पण नावाचा डाग काही गेला नाही.

हा डाग किती खोल आहे ते मी माझ्याच घरी पाहिले. धाकटी मुलगी पाचवीत असताना तिच्या डब्यात मी दोन वड्या दिल्या. संध्याकाळी त्या तशाच परत आल्या. ती म्हणाली, "आई, मुली हसतात. म्हणतात, हा अंगणवाडीतला फुकटचा खाऊ आहे." पाच रुपयांच्या चकचकीत पुडीला कोणी हसत नाही. पुडीतले वेफर सांडले तर पोरे वेचून खातात, आणि गहू-गुळाची वडी लपवून परत आणतात! मला त्या मुलींचा राग आला नाही. गरिबाच्या मुलाला जे मिळते ते हलके, हे त्यांना आपण मोठ्यांनीच शिकविले आहे.

भगिनींनो, प्रश्न केवळ चवीचा नाही. आपल्याच जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबे दरसाल ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि लेकरे फडाच्या बांधावर वाढतात. डोंगरातल्या बालकांच्या कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. ज्या खाऊने ती मुले धरतील, तोच खाऊ शहरातल्या मुलांनी लाजेने टाकावा, हे बरे नव्हे. सुकडी सर्वांच्या डब्यात गेली तर ती कोणाच्याच डब्यात लाजिरवाणी राहणार नाही.

म्हणून वरच्याच प्रमाणाची कृती देते. गहू ४०० ग्रॅम, फुटाण्याची डाळ १६० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम. गहू व दाणे वेगवेगळे भाजून, डाळ थोडी गरम करून, सर्व बारीक दळावे. दाण्याचा अख्खा तुकडा राहू देऊ नये. लहान मुलाच्या घशात अडकतो. पीठ तीन-चार चमचे तुपावर परतावे. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून चिकट पाक करावा व त्यात पीठ घालून गरम असतानाच थापावे. कोरडे वाटल्यास आणखी चमचाभर तूप सोडावे. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. आठवडाभर चांगले राहते.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या न लुटता प्रत्येकीने सुकडीच्या चार वड्या लुटाव्यात, असे मी कार्यकारिणीस सुचविले आहे. आणि घरी मुलांना ती देताना बरोबर तिचा इतिहासही सांगावा. माझ्या मुलीला मी तिच्या आजीचा परकराचा ओचा सांगितला, तेव्हापासून ती डबा रिकामा आणते.